नेवेकाकू जेवून गेल्या

वहिनी,

भुसावळचे नेवेकाका आणि काकू येऊन गेले. जेवले, दर्शन झालं, सुखरूप घरी पोचले. एवढं सांगून थांबावं असं फार वाटतंय. तुलाही पाहुण्यांबद्दल एवढंच हवं असायचं: कोण आलं, काय जेवलं, पोटभर जेवलं का. त्यापुढचं मी रंगवायला लागलो की तू हात धुवायला उठायचीस. "भाऊजी, तुम्ही गोष्टीला फोडणी फार देता." आज फोडणी नाही. घरातच फोडणी बंद आहे, सुतक आहे. तुझंच.

ते आले तेव्हा तू नव्हतीस, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मी ते कळू दिलं नाही. हे बरोबर झालं की चूक, याचा निकाल तूच लावू शकली असतीस. तो माझ्या बाजूनं लागला असता की विरुद्ध, हे मात्र मला सांगता येत नाही, कारण नेमक्या या मुद्द्यावर आपलं भांडण कधी मिटलंच नाही.

आधी घराचं सांगतो. तू गेलीस तशी माणसं यायला लागली. यायची, सतरंजीवर बसायची, खाली बघायची, दादाच्या खांद्याला हात लावायची आणि उठायची. पाण्याचा पेलासुद्धा नाही. रीतच तशी आहे, मला का ठाऊक नाही? पण तुझ्या घरातून माणूस कोरड्या घशानं उठून जातोय हे डोळ्यांना झेपेना. त्यात मी माती खाल्ली. माझे बँकेतले जुने साहेब येऊन टेकले, आणि माझ्या तोंडून गेलं, "साहेब, चहा कोणता घेणार? साखरेचा की बिनसाखरेचा?" सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. साहेबांनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं गं. तूच घोटून घेतलेलं ते. तू नवी नवी देवासहून या घरात आलेली आणि मी नुकता बँकेत चिकटलेला. दादाचे कुणी पाहुणे आले, मी दारातच विचारलं, "चहा घेणार का?" ते म्हणाले, "नको नको." मी म्हटलं, "बरं," आणि पेपर उघडून बसलो. तू मला आत बोलावलंस. नव्या नवरीचा आवाज इतका खणखणीत असतो हे मला तेव्हा कळलं. "'घेणार का' असं विचारणं म्हणजे 'घेऊ नका' सांगणं. 'कोणता घेणार' विचारायचं. माणसाला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही."

नाहीच ठेवलीस कुणाला. मला तर मुळीच नाही. गावातच फ्रीगंज मोहल्ल्यात माझी स्वतःची खोली होती, खोलीत स्टोव्ह होता. त्यावर मी आयुष्यात एकदा खिचडी लावली आणि घरमालक पाण्याची बादली घेऊन धावत आला. त्या दिवसापासून दोन्ही वेळा तुझ्याकडे. माझं लग्न का झालं नाही याची कारणं नातेवाईक निरनिराळी सांगतात, त्यातली एक-दोन ऐकायलाही बरी वाटतात. खरं कारण तुझी कढी. कटाच्या आमटीवर मूठभर शेव टाकून खाणारा मराठी माणूस माळव्याबाहेर कुणी जावई करून घेत नाही, हेही एक.

आणि आपलं घर नानाखेड्याला, बसस्टँडला खेटून. "इंदूरच्या बसमधून उतरलं की लोकांना महाकाळाच्या आधी आमचं दार लागतं," दादा वैतागून म्हणायचा. नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, शेजाऱ्यांचे व्याही. नेवे तर यातले कुणीच नव्हते. तू सब्जी घेऊन येत होतीस, बसस्टँडवर काका चक्कर येऊन बसलेले आणि काकू त्यांना पदरानं वारा घालत रडत असलेल्या. तू दोघांना रिक्षात घातलंस, घरी आणलंस, आणि नाव विचारायच्या आधी ताटं वाढलीस. मग ते दर हिवाळ्यात येत राहिले, तिकडची भरताची वांगी घेऊन. "कळवायचं वगैरे काही नाही हं," तू सांगून ठेवलेलं. "आपल्याच घरी कुणी फोन करून येतं का?"

आता भांडणाकडे येतो.

तुझे वडील गेले त्या दिवशी दादाच्या ऑफिसातले लोक जेवायला होते. दाल-बाफले, कणकेचे ते तुपात बुडणारे भाजके गोळे, चुरम्याचे लाडू, आणि मराठीपणाची लाज राखायला कढी. मीही पानावर. आत फोन वाजला. "हो. बरं. येते," एवढंच तू बोललीस आणि तुपाचं भांडं घेऊन बाहेर आलीस. एकेकाच्या बाफल्यावर तूप ओतत निघालीस, "अजून थोडं, अजून थोडं" करत. ज्याच्या ताटात लाडू नव्हता त्याच्या ताटात लाडू. मी म्हणजे घरचा विदूषक. मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, चेहरा असा का? लाडू संपले की काय?" सगळे हसले. तूही हसलीस. लोक पानं खाऊन, ढेकरा देऊन निघाले. तू फाटकापर्यंत सोडायला गेलीस, परत आलीस, ओट्याला पाठ टेकून खाली बसलीस आणि दादाला म्हणालीस, "अहो, देवासची गाडी बघा. बाबा गेले."

मी बरेच दिवस तुझ्याशी बोललो नाही. जेवायला यायचो, पण बोलायचो नाही. माझा राग तेवढाच, पोटाच्या अलीकडे थांबणारा. शेवटी एकदा फुटलोच.

"तू सांगायला हवं होतंस. तुझे वडील गेलेले आणि मी तुझ्यासमोर लाडवावरून चेष्टा करतोय. तो लाडू अजून गिळता येत नाही मला."

"गिळलात ना त्या दिवशी? मग झालं."

"चेष्टा करू नकोस."

"पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं, भाऊजी. माझं दुःख तासाभरानंही तेवढंच राहणार होतं. त्यांचे बाफले गार झाले असते."

"आणि आमचं काय? तुझ्याजवळ दोन मिनिटं बसायचा आम्हाला काही हक्क?"

"पाहुण्याला जेवायचा हक्क."

"म्हणजे मी पाहुणा?"

दर दोन-चार वर्षांनी हे भांडण निघायचं, कधी भुट्ट्याचा कीस परतताना, कधी गराडूच्या कंदाचे काप तळताना, आणि दर वेळी याच प्रश्नाशी येऊन अडायचं. तू कढईत बघायचीस. गेल्या दिवाळीतही तू कढईतच बघितलंस.

तर नेवे. दुपार होती. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली होती. दादा आतल्या खोलीत तुझ्या दिव्यापाशी बसला होता. फाटकाची कडी वाजली आणि हाक आली, "सुधा! ए सुधा! वांगी आलीत गं!"

मी दार उघडायला गेलो तेव्हा खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण काका पायरीवरच बसले. मागच्या वर्षीपेक्षा निम्मे झालेत. शर्टाची कॉलर मानेभोवती नुसती फिरते. काकू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टर नको म्हणत होते. पण हे म्हणाले, एकदा महाकाळ बघतो, एकदा सुधाच्या हातचं जेवतो, मग तुम्ही म्हणाल त्या दवाखान्यात पडतो. सकाळपासून काही खाल्लं नाही हो. इंदुरात पोहे पुढे केले तर म्हणाले, पोट भरून गेलो तर सुधा ओरडेल."

आता सांग. मी काय बोलायचं होतं? काकू सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या. सांगितलं असतं तर त्या पायरीवरून परतल्या असत्या. पाणी नाही, जेवण नाही, सुतकाच्या घरी पाय लागला म्हणून दर्शनही नाही. काका तसेच उपाशी पुन्हा बसमध्ये. आणि पुढचा हिवाळा त्यांना आहे की नाही, हे त्यांच्या कॉलरवरून दिसत होतं.

"सुधा कुठंय?"

"देवासला गेलीय. माहेरी."

बोललो आणि माझ्याच अंगावर काटा आला.

"फोन बंद लागतोय तिचा."

"तिकडे रेंज नसते."

"देवासला?" काका पायरीवरून म्हणाले. "एवढं कारखान्यांचं गाव."

"म्हणजे, असते. चार्जर इथं राहिलाय."

"आणि तुम्ही दाढी का वाढवलीय?"

"रिटायर झालो ना काका. आता कुणासाठी करायची?"

काका हसले. मी त्यांना बैठकीत बसवलं आणि मागच्या दारानं शेजारच्या शर्मा भाभींकडे पळालो. त्यांच्याच घरून आपल्याकडे रोज डबा येत होता. भाभींचे डोळे लालच होते.

"भाभी, मेहमान आ गए। भुसावळवाले। उनको पता नहीं है।"

"तो बता दो न, भैया।"

"कैसे बता दूँ? भूखे हैं।"

भाभींनी पदरानं नाक पुसलं. "दीदी के घर से भूखे जाएँगे? बाफले मैं चढ़ाती हूँ। पानी भी यहीं से ले जाओ, मटका ही ले जाओ पूरा।"

मटका उचलून येता येता मी मनात शास्त्रार्थ करून टाकला. अन्न भाभींचं, पाणी भाभींचं, ताटंसुद्धा भाभींची. सुतकाचं काय, तर फक्त छप्पर. छपराला कुठं विटाळ असतो? माझ्या हातांचं काय, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. नियमातून वाट काढण्यातच माझी सगळी नोकरी गेली, ती शेवटी इथं कामाला आली. मुक्कामाचीही सोय झाली, भाभींच्या वरच्या खोलीत, कारण "आमची पाण्याची मोटर जळलीय, काकू." एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. माझं बोलणं त्या दुपारी बांबूंवर उभ्या असलेल्या मांडवासारखं होतं.

दादाला सांगायला गेलो. "बाहेर येऊ नकोस. डोकं बघितलं की कळेल त्यांना." घाटावर त्याचं मुंडण झालेलं, तू बघितलं असतंस तर हसली असतीस, कान केवढे मोठे आहेत त्याचे. तू गेल्यापासून तो बोलत नव्हता. दोन घास घ्यायचा आणि उठायचा. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दार लोटून घेतलं.

बाफले आले. मी वाढायला उभा राहिलो आणि पहिली पळी डाळ काकांच्या धोतरावर. काकू इतक्या हसल्या! "सुधा असती तर तुम्हाला पळी हातात धरू दिली नसती." मग थोड्या वेळानं, "अहो, आग्रह करा की भाऊ. पोलिसासारखे उभे काय राहिलात?" मला जमेना. "घ्या" म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर आलं असतं. काकांनी एक बाफला कसाबसा संपवला आणि ताटावर हात आडवा धरला.

तेव्हा आतलं दार उघडलं. दादा बाहेर आला, माकडटोपी घालून. थंडी होतीच, कुणाला काही वाटलं नाही. "सर्दी झालीय, लांबच बसतो," म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. हा आपला दादा. ज्यानं आयुष्यात पाहुण्याला 'या' सुद्धा धड म्हटलं नाही, पाहुणे आले की जो पेपरमागे जायचा.

"काका, हात काढा. अजून एक."

"नाही हो, पुरे झालं."

"पुरे कसं? ती मला विचारेल, काकांनी किती खाल्ले. मी काय सांगू?"

काकांनी हात काढला.

"तूप," दादा मला म्हणाला. "अजून थोडं. अजून थोडं."

तुझ्याच चालीत, वहिनी. मी तुपाचं भांडं घेऊन वाकलेलो होतो म्हणून माझा चेहरा कुणाला दिसला नाही. काका जेवले. सावकाश, कुस्करून, बोटं चाटून जेवले. त्या दुपारी मी मनातल्या मनात तुला शरण आलो. म्हटलं, वहिनी, जिंकलीस. हेच बरोबर. पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं. आणि त्या जुन्या दिवशी माझ्या ताटात लाडू ठेवताना तुझा हात का हलला नाही, हेही कळलं. हात हलू द्यायला फुरसतच नसते, वाढायचं असतं.

हात धुतल्यावर काकूंनी पिशवीतून ब्लाउजपीस काढला. हिरवा, जरीकाठी, वर नारळ. "ती नाहीये तर तुमच्याजवळ देते. म्हणावं, काकूंनी ओटी भरलीय, शिवून घाल, पेटीत ठेवू नकोस." दादानं हात पुढे केले आणि मध्येच मागे घेतले. "इथं ठेवा," म्हणाला, आणि जमिनीकडे बोट दाखवलं. काकूंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रिक्षानं देवळापर्यंत नेलं आणि स्वतः बाहेर थांबलो. काका काकूंच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. "झालं," म्हणाले. "आता काही राहिलं नाही." बस सुटताना काकूंनी खिडकीतून बजावलं, "ती आली की आधी मला फोन करायला सांगा. विसराल. तुम्ही विसरताच."

म्हणजे फोन करणं आलंच. ते घरी पोचून विसावले असतील असा अंदाज घेऊन मी रात्री गच्चीवर गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सुतक, अन्न, भाभी, छप्पर, सगळा युक्तिवाद तयार. पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"सुधा?"

"नाही काकू, मी."

"हं, द्या तिला."

सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एका साध्या गोष्टीला तास लावणारा मी, त्या दिवशी दोन वाक्यं नीट झाली नाहीत. पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बंद केला.

"कधी?"

"तुम्ही यायच्या आधी."

"आम्ही जेवत होतो तेव्हा..."

"हो. पण काकू, अन्न शेजारच्या भाभींकडचं होतं. पाणीसुद्धा. तुम्हाला सुतकाचं काही..."

"अन्नाचं कोण विचारतंय तुम्हाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिच्या घरात बसून मी हसले. धोतरावर डाळ सांडली म्हणून हसले. महाकाळापुढे उभी राहून तिच्यासाठी औक्ष मागितलं, यांच्याही आधी. गेलेल्या बाईसाठी. त्या माणसापुढे मी ब्लाउजपीस ठेवला, शिवून घाल म्हणून. काय वाटलं असेल हो त्यांना?" त्यांचा श्वास लागला. "जेवायला आम्हाला कुठंही मिळालं असतं, भाऊ. स्टँडवर मिळालं असतं. तिच्यासाठी रडायला ते एकच घर होतं. तिथं तुम्ही मला रडू दिलं नाही."

"काका उपाशी होते, काकू."

"राहिले असते एक दिवस."

मला वाटलं फोन कट झाला. मग त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता नाही यायची मी तिकडे. राग नाही. येऊन कुणाकडे बघू?"

वहिनी, मी गच्चीवर बराच वेळ तसाच उभा होतो. खाली बसस्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "इंदौर, इंदौर, देवास." इतकी वर्षं मी जे तुला ऐकवत आलो तेच काकूंनी मला ऐकवलं, आणि माझ्यापेक्षा फार चांगलं ऐकवलं, मी नुसता माझ्या लाडवाबद्दल बोलत राहिलो होतो. दुपारी तुझ्या बाजूचा झालेला मी दुसऱ्या दिवशी काकूंच्या बाजूचा झालो. असा माणूस भांडायला तरी कुणाच्या कामाचा? तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी खाली या, ताटं वाढलीत. तेवढ्यानं दर वेळी सगळं मिटायचं. तू वाद जिंकायचीस ते ताट वाढून, आणि मी हरायचो ते जेवून. त्या हरण्याचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. पाहुण्यानं यजमानणीचे आभार मानायचे असतात. मी पाहुणा नाही, हे सिद्ध करायच्या नादात तेही राहिलं.

तुझे हे एक पाहुणे मात्र माझ्या हातून गेले. पोटभर जेवून गेले.

खाली आलो. भाभींचा डबा आला होता, बिनफोडणीचं वरण आणि भात. दादाचं ताट मी घेतलं. तो येऊन बसला, नेहमीसारखे दोन घास घेतले, आणि त्याचा हात थांबला.

"काकूंना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

माझ्या हातात भाताचं भांडं होतं.

"रडल्या. मग म्हणाल्या, बरं केलंत, काका कित्येक महिन्यांनी असे जेवले."

"रागावल्या नाहीत?"

"छे."

"पुढच्या हिवाळ्यात?"

"येणार म्हणाल्या. वांगी घेऊन."

दादानं मान हलवली. वरण-भात कालवत राहिला, कालवत राहिला, आणि मग खाली बघूनच म्हणाला, "थोडा वाढ."

मी वाढला.